ऑपरेशननंतर उतरलेलं वजन परत चढतंय: तपासायला कुठून सुरुवात करायची

बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोटावर केलेलं ऑपरेशन झालेल्या माणसांचा आहार बघणं हे माझं रोजचं काम. ऑपरेशनला तीन-चार वर्षं झाली की त्यातले काही जण पुन्हा माझ्यासमोर येऊन बसतात आणि खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतात, "मॅडम, बाहेरचं काही खात नाही, रोज पाऊण तास चालते, तरी काटा वर जातोय. पोट परत मोठं झालं का?" आवाजात भीती असते, आणि त्याहून जास्त लाज. घरात कुणीतरी "एवढे पैसे घालवून शेवटी काय झालं" असं ऐकवलेलं असतं. या लाजेपायी कित्येक जण वर्ष-वर्ष सर्जनकडे फिरकत नाहीत. पाच किलो वाढल्यावर जे सोपं असतं, ते पंधरा किलोंवर फार अवघड होऊन बसतं, म्हणून मला त्या वाया गेलेल्या वर्षाचं जास्त वाईट वाटतं.

मी ज्या क्रमाने तपासते तोच क्रम इथे देते. आधी फुकटच्या गोष्टी, मग स्वस्त तपासण्या, शेवटी एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतून पोट बघणं. बरेच जण उलट टोकाकडून सुरुवात करतात, थेट दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च विचारायला जातात, आणि दोष निघतो चार वाजताच्या चहाबरोबरच्या वाटीत.

आधी लक्षणं ओळखा

वजन कसं वाढतंय, यातच अर्धं उत्तर असतं. खालीलपैकी तुमचं कोणतं, ते कागदावर लिहा.

- महिन्याला अर्धा-पाऊण किलो, सावकाश आणि सलग. जेवण अजूनही कमीच आहे. (बहुतेक जण इथे सापडतात.)
- आधी अर्ध्या भाकरीत पोट भरायचं, आता दोन जातात. भूकही पूर्वीसारखी लागते.
- जळजळ, आंबट पाणी वर येणं, आणि त्याच सुमारास वजन वाढायला लागलं.
- जेवणानंतर एक ते तीन तासांनी घाम, थरथर, धडधड, आणि गोड खाल्ल्याशिवाय बरं वाटत नाही.
- एखादं नवं औषध सुरू झालं आणि दोन-तीन महिन्यांत कपडे घट्ट झाले.
- चार-सहा दिवसांत दोन-तीन किलो, पायांवर सूज, चालताना दम. असं असेल तर पुढचं वाचू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. चरबी इतक्या वेगाने चढत नाही. हे साठलेलं पाणी असतं आणि हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासावं लागतं.

ही वाढ खरी आहे का?

एकच काटा, आठवड्यातला एकच दिवस, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. रोज वजन करून रोज घाबरण्यात अर्थ नाही. लोणचं-पापड खाल्ल्यावर, पाळीच्या आधी, बद्धकोष्ठ असताना, किंवा व्यायामशाळेत वजनं उचलायला नुकती सुरुवात केली असताना एक-दीड किलो सहज वर दिसतं आणि तितक्याच सहज उतरतं. चार आठवड्यांचे चार आकडे आणि बेंबीच्या पातळीवर कमरेचं माप, एवढं हातात आल्यावरच पुढे बोलू.

दुसरी गोष्ट, तुमचा हिशेब सर्वांत कमी झालेल्या वजनापासून मांडा. ते वजन बहुधा ऑपरेशननंतर एक ते दोन वर्षांनी येतं आणि तिथून थोडं वर येणं शरीराच्या स्वभावातच आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात जठराचं बायपास (या ऑपरेशनचा एक प्रकार) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं आणि १० वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. १२० किलोच्या माणसाला हे लावून बघा: तो ८२ वर पोचला आणि दहा वर्षांनी ९० वर होता. म्हणजे आठ किलो परत आले, तरीही तो मूळ वजनापेक्षा ३० किलोंनी हलकाच राहिला. त्याचं ऑपरेशन फसलं असं कुणी म्हणणार नाही. माझा ढोबळ नियम असा: उतरलेल्या किलोंपैकी चौथा हिस्सा परत आला, किंवा चढ थांबायचं नावच घेत नाही, तर कारण शोधायलाच हवं.

वही: तीन दिवस, सगळं

खर्च एका वहीचा, आणि सगळ्यात जास्त उत्तरं इथेच सापडतात. दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. तोंडात गेलेलं प्रत्येक काही, घोट धरून, वेळेसकट लिहायचं. "दुपारी जेवण" असं लिहून चालणार नाही. किती चपात्या, भाजीत तेल कुणी आणि कशाने घातलं, नातवाच्या ताटातला उरलेला घास, आमटीची चव बघताना घेतलेला चमचा, सगळं.

हे का, ते समजून घ्या. स्लीव्ह आणि बायपास हे या ऑपरेशनचे दोन नेहमीचे प्रकार. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. बायपासमध्ये वरची छोटीशी पिशवी ठेवून ती आतड्याला जोडतात. दोन्हींत पोट भरल्याची जाणीव मुख्यतः घट्ट, चावून खायच्या पदार्थांनी होते. उसळ, मासा, चिकन, पनीर, भाकरी हे पदार्थ तिथे थांबतात आणि ताण देतात. पातळ, भुसभुशीत किंवा तोंडात विरघळणारे पदार्थ थांबतच नाहीत, सरळ घसरतात. मी त्यांना 'घसरणारे' म्हणते. गंमत म्हणजे यातले पुष्कळसे पदार्थ आपण पौष्टिक समजतो. शहाळ्याचं पाणी, फळांचा रस, मध-लिंबूपाणी, नाचणीची गोड पेज, खजूर, डिंकाचा लाडू, भाजके मखाणे, कमी तेलातला पोह्यांचा चिवडा, डायजेस्टिव्ह बिस्किटं, ओट्सची कुकीज. यांत वाईट काहीच नाही. पण हे खाऊन ऑपरेशन केलेल्या पोटाला काही खाल्ल्याचा पत्ताच लागत नाही.

एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. जेवण खरोखर आदर्श: अर्धी भाकरी, वाटीभर उसळ, काकडी. वहीत तिसऱ्या दिवशी सापडलं. दुपारी वाचताना शेजारी भाजलेल्या शेंगदाण्यांची बरणी असायची. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे, साधारण १७० कॅलरी. सत्तर किलोच्या माणसाने पाऊण तास बऱ्या वेगाने चालून खर्च होते साधारण तेवढीच. त्या दिवसातून तीन मुठी खात होत्या आणि त्यांना ते 'खाणं' वाटतच नव्हतं, कारण ताट वाढलेलं नव्हतं. बरणी डोळ्यांआड गेली आणि शेंगदाणे जेवणातल्या कोशिंबिरीत मोजून यायला लागले. एवढा एक बदल केला, आणि चढणारा काटा थांबला.

वहीत मी पुढच्या जागा हमखास बघते. चहा किती वेळा आणि साखर किती: दोन चमचे साखर आणि अर्धा कप दूध, असे चार कप म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे कॅलरी पोट न भरता आत जातात. उपवास: श्रावणात, चतुर्थीला, एकादशीला साबुदाणा, बटाटा, राजगिऱ्याचा लाडू. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, निव्वळ पिष्ट. उपवास श्रद्धेचा आहे, तो सोडा असं मी कुणाला सांगत नाही. दही, ताक, पनीर, दूध आणि मोजून दाणे, एवढ्यावर तो नीट करता येतो. आणि तेल: एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीमध्ये, सुमारे १२० कॅलरी. महिन्याला घरात किती लिटर तेल येतं आणि खाणारी तोंडं किती, हा भागाकार करून बघा. स्वयंपाक करणाऱ्याला दोष न देता उत्तर मिळतं.

जेवायची रीत

यात पैसा लागत नाही, फक्त थोडी शिस्त. जेवताना पाणी नको, आणि नंतर अर्धा तास थांबा. घासाबरोबर पाणी प्यायलं की घट्ट अन्नही पातळ होऊन लवकर पुढे सरकतं, तासाभरात परत भूक. वरण-भात कालवून पातळ करून खाण्याची सवय याच कारणाने तपासा. वरण घट्ट करा, भात दोन घास, शेजारी चावायला काहीतरी.

ताटात आधी प्रथिनं संपवायची, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकरी-भात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत हे सगळे पाळतात. दोन वर्षांनी ताट पुन्हा पूर्वीसारखं वाढलं जातं, चपाती मध्ये आणि उसळ कडेला. कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रथिनं आणि स्नायू

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं, बहुतेकांना ६० ते ८०. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. मोजायला सोपं जावं म्हणून: एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, शिजवलेल्या वाटीभर घट्ट वरणात ६-७, पंचवीस ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत १३, शंभर ग्रॅम बांगड्यात १९-२०. शाकाहारी घरात वरण आणि दह्यावर भरवसा ठेवून बेरीज केली तर ती पुष्कळदा पस्तिशीच्या पुढे जात नाही.

का महत्त्वाचं? वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातो. स्नायू कमी झाला की बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जा कमी होते. शिवाय उतरलेलं शरीर काटकसर शिकतं: तुमच्याच वजनाच्या, पण कधीच लठ्ठ नसलेल्या माणसापेक्षा ते कमी ऊर्जेत भागवतं. म्हणून पहिल्या वर्षी जेवढ्या जेवणावर वजन उतरत होतं, तेवढ्याच जेवणावर चौथ्या वर्षी ते चढू शकतं. तुम्ही खोटं बोलत नसता. हे मी नातेवाइकांना मुद्दाम समोर बसवून सांगते.

आणि म्हणूनच फक्त चालणं पुरत नाही. चालणं चालू ठेवा, पण आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंना ओझं द्या: खुर्चीतून उठबस, भिंतीला टेकून पुश-अप, पाण्याने भरलेल्या बाटल्या, रबरी पट्टा. गुडघे दुखत असतील तर आधी फिजिओथेरपिस्ट.

झोप, दारू, रात्रीचं खाणं

रात्रपाळी किंवा पाच तासांची झोप भूक वाढवते. घोरणं परत सुरू झालं असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा त्रास परतलेला असू शकतो, तो सांगा. दारूबद्दल आडपडदा नको: स्लीव्ह किंवा बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते, ऑपरेशननंतर दुसऱ्या वर्षापासून पुढे व्यसनाचा धोका वाढतो, आणि ती घसरणारीच कॅलरी आहे. बरोबरचा चकणा वेगळा.

पोट भरलेलं असताना, एकटं असताना, रात्री उठून खाल्लं जात असेल आणि नंतर स्वतःचा राग येत असेल, तर माझ्या वहीने ते सुटणार नाही. त्यासाठी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ लागतात आणि तिथे जाणं हा उपचाराचाच भाग आहे.

औषधांची पिशवी

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा, असं मी सांगते. यादी नको, पिशवीच. यादीत माणूस 'किरकोळ' गोळ्या विसरतो.

वजन वाढवू शकणारी औषधं रोजच्या वापरातली आहेत: प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं, मधुमेहासाठीचं इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, रक्तदाबासाठीचे काही बीटा ब्लॉकर, फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट, नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन, मनाच्या आजारांसाठी मिर्टाझापिन, ओलान्झापिन. एका ताईंना अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन सुरू होतं. मूळ डॉक्टरांनी काही महिन्यांसाठीच लिहून दिलेलं, त्या दोन वर्षं दुकानातून तेच आणत राहिल्या. भूक कुठून वाढली, याचं उत्तर त्या पाकिटावर होतं. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या आणि 'तब्येत सुधारण्याच्या' गोळ्यांकडेही लक्ष द्या, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

एक मात्र कळकळीने सांगते: यातलं कोणतंही औषध स्वतः बंद करू नका. फिट्सचं, मनाच्या आजाराचं किंवा स्टेरॉइडचं औषध अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. ज्यांनी लिहून दिलं त्यांना विचारा, "याऐवजी वजन न वाढवणारं काही देता येईल का?" अनेकदा देता येतं.

रक्ताच्या तपासण्या

टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२, ड जीवनसत्त्व, साखर. ऑपरेशननंतर यातल्या बऱ्याचशा दरवर्षी व्हायलाच हव्यात, वजन वाढो की न वाढो. लोह आणि बी १२ कमी असलं की माणूस थकलेला असतो, आणि थकलेला माणूस हालचाल कमी करतो. पाळी अनियमित असणाऱ्या तरुण मुलींनी गर्भधारणेची चाचणीही करावी. वजन उतरल्यावर पीसीओएसमध्ये (अंडाशयाच्या संप्रेरकांचा बिघाड) बीजनिर्मिती पुन्हा सुरू होते आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी इथे जरा थांबा. ऑपरेशननंतर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या रोजच्या होतात, आणि बरेच जण सकाळी सगळ्या एकदमच घेतात. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला शोषू देत नाहीत. थायरॉइडची उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम-लोह तिच्यानंतर चार तासांनी. तेही एकमेकांपासून दोन तास लांब. नुसत्या वेळा बदलून टीएसएच खाली आलेलं मी कितीदा पाहिलंय. डोस वाढवायच्या आधी वेळा विचारा.

जेवणानंतर घाम-थरथर होणाऱ्यांनी त्या क्षणी बोट टोचून साखर मोजावी आणि आकडा लिहून ठेवावा. बायपासनंतर गोड किंवा मैद्याच्या जेवणावर इन्सुलिन जास्त सुटतं, साखर पडते, ती सावरायला माणूस पुन्हा गोड खातो, आणि हे चक्र दिवसभर फिरत राहतं. बेशुद्ध पडायला झालं असेल तर आहाराच्या प्रयोगांत वेळ घालवू नका, अंतःस्रावतज्ज्ञांना दाखवा.

आता पोटाकडे

वरचं सगळं दोन-तीन महिने प्रामाणिकपणे केलं, वही आहे, औषधं बघून झाली, तरी चढ चालूच. किंवा पहिल्यापासूनच एका बैठकीत खूप जास्त जातंय. आता सर्जनकडे. इथे माझं काम थांबतं.

ते बेरियमचा (पांढरं औषध पाजून काढलेला) एक्स-रे किंवा एंडोस्कोपी सांगतील. स्लीव्हची नळी रुंदावलेली असू शकते, किंवा भुकेचं संप्रेरक बनवणारा जठराचा वरचा भाग ऑपरेशनमध्ये थोडा मागे राहिलेला असू शकतो. बायपासमध्ये पिशवी ताणलेली, जोड सैल झालेला, किंवा पिशवी आणि जुन्या जठरामध्ये वाट पडलेली असू शकते. यातलं काहीही तुमच्या इच्छाशक्तीने दुरुस्त होत नाही. जळजळ असणाऱ्यांत हर्निया किंवा अन्ननलिकेची सूज सापडते. दूध-बिस्किटाने बरं वाटतं म्हणून माणूस दिवसभर तेच खात राहतो, वजन त्यामुळे चढतं, आणि उपचार लागतो जळजळीला.

पोट 'परत लहान करायला' पाच दिवस फक्त पातळ पदार्थांवर राहण्याचा सल्ला फिरत असतो. मी तो देत नाही. त्यात पाणी आणि स्नायू जातात, पिशवी आक्रसत नाही.

पुढचे पर्याय सर्जन आणि फिजिशियन मिळून ठरवतात: एंडोस्कोपीतून जोड आवळणं, स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर, किंवा औषधं. भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपेटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये आलं. ऑपरेशननंतर परत चढलेल्या वजनावरही डॉक्टर ती वापरतात. ओळखीच्या दुकानातून आणून स्वतः टोचू नका. आधीच कमी जेवणाऱ्या माणसात त्यांनी जेवण आणखी घटतं, आणि प्रथिनं-जीवनसत्त्वं सांभाळली नाहीत तर काटा खाली आणि अंगात ताकद शून्य, असं होतं.

इथे वही बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा

बायपासनंतर कितीही वर्षांनी पोटात पिळवटून तीव्र कळ आली, तर ताबडतोब. आतडं आत अडकलेलं असू शकतं. काळी शौच किंवा रक्ताची उलटी, ताबडतोब. दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील आणि त्यात तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं, तर ती बी १ ची कमतरता असू शकते. ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी किंवा तिच्यासोबतच बी १ द्यावं लागतं, म्हणून कॅज्युअल्टीत शिरताच ऑपरेशन झाल्याचं सांगा. दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नका, बायपासच्या जोडावर अल्सर होतो.

सर्जनकडे जाताना सोबत न्या: मूळ ऑपरेशनचा कागद (कोणतं ऑपरेशन, कधी), सर्वांत कमी वजन आणि ते कोणत्या महिन्यात होतं, गेल्या चार आठवड्यांचे आकडे, तीन दिवसांची वही, रक्ताचे रिपोर्ट आणि औषधांची पिशवी. मूळ डॉक्टर दुसऱ्या गावी गेले असतील किंवा तिथे पुन्हा जायचा संकोच वाटत असेल, तर दुसऱ्या बेरिॲट्रिक सर्जनकडे जा. कागद हरवला असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागाकडे लेखी अर्ज करून प्रत मागवता येते, आणि तो अर्ज आजच टाका.